पाचवी पायरी

४ मार्च

वहिनी,

या शब्दाच्या आधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतंच वहिनी. बारा वर्षांनी पत्र लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीलाच अडलो, म्हणजे मी होतो तसाच आहे.

सोबत हॉस्पिटलचं छापील पत्र आहे. माझं नाही वाचलंत तरी चालेल, ते मात्र वाचा. बुबुळ बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तुम्ही मोबाईलवरून अर्ज भरलात. तो पूर्ण झालेला नाही. झाला असं तुम्हाला वाटलं, आणि तसं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. पण अर्जाच्या पाच पायऱ्या आहेत आणि तुमच्या चारच झाल्यात. पाचवीवर सगळं एकदा वाचून 'अर्ज पाठवा' हे बटण दाबायचं असतं. ते दाबल्याशिवाय नाव यादीत चढत नाही. यादी ३१ मार्चला बंद होते. पुढची सहा महिन्यांनी.

हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. हॉस्पिटलची वेबसाईट आमच्या ऑफिसने केली आहे. ऑफिस म्हणजे गाद्यांच्या दुकानावरची एक लांबट खोली, चार टेबलं आणि की-बोर्डवर रोज सकाळी साचलेला कापूस. मध्यंतरी अर्जाच्या पानात थोडा बिघाड झाला होता, त्यामुळे बऱ्याच जणांची शेवटची पायरी राहिली. सगळ्यांना मेसेज पाठवले. अकरा जणांचे नंबर बंद लागले. त्यांना टपालाने कळवायचं ठरलं, आणि पाकिटांवर पत्ते चिकटवायला हॉस्पिटलात मी जाऊन बसलो. नववं पाकीट तुमचं निघालं.

तिथे नोंदणीच्या खिडकीवर एक बाई असतात. मी त्यांना मनातल्या मनात नोंदणीबाई म्हणतो. त्यांना विचारलं, या पाकिटात माझी एक चिठ्ठी घातली तर चालेल का.

"नात्यातल्या आहेत?"

"वहिनी आहे."

"मग पत्ता तुमच्याकडे असायला हवा. आमच्या पाकिटातून कशाला?"

मी खाली मान घालून दहावं पाकीट चिकटवायला घेतलं. त्या म्हणाल्या, "घाला. पण पाकीट जाड करू नका."

म्हणून थोडक्यात लिहितोय. त्या कागदावरच्या माझ्या सहीबद्दल इथे काही लिहीत नाही. ते लिहायला घेतलं तर ३१ मार्च उलटून जाईल. आधी बटण. तुमचा जुना नंबर बंद आहे, त्यामुळे अर्ज नव्या नंबरावरून पुन्हा भरावा लागेल. कोणाचा तरी मोबाईल मिळेल ना?

अकरा वर्षांच्या पोराला 'अहो भावजी' म्हणून हाक मारणाऱ्या तुम्ही जगात एकट्याच असाल. ती हाक ऐकून मला चड्डीची नाडी घट्ट बांधावीशी वाटायची. तेवढ्यासाठीसुद्धा आभार मानायचे राहून गेले होते.

तुमचा,
(काय म्हणवून घ्यायचं ते तुम्हीच ठरवा)


१२ मार्च

वहिनी,

उत्तर आलं! जिन्यातच उभं राहून फोडलं. अक्षर तुझं नव्हतं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, एका रेषेत, आणि खाली कंसात: "लेखनिक: खालच्या मजल्यावरचा घड्याळं दुरुस्त करणारा. बाई सांगतात तसंच लिहिलं आहे. शिव्या गाळल्या आहेत."

घड्याळकाका, तुम्हाला नमस्कार. म्हणजे हेही तुम्हीच वाचून दाखवत असणार. भिंगातून वाचता की चष्म्याने?

वहिनी, तुझं म्हणणं जसंच्या तसं पोचलं. मला तुम्ही कधीपासून झालं, हा पहिला प्रश्न. घाबरून, दुसरं काही नाही. सोडलं. दुसरं म्हणजे उजवा डोळा गेल्यातच जमा आहे आणि डाव्याने सुईचं नाक सोड, सुईच दिसत नाही, हे वाचून मी तसाच पायरीवर बसलो. गाद्यावाल्याने वर येऊन पाणी दिलं. मला वाटत होतं तू अजून मशीनवर आहेस. डोळ्यांसमोर तू नेहमी मशीनवरच येतेस.

आणि तिसरं, की "एकदा भरला, झाला. त्या मेल्या फॉर्मने तीनदा आडनाव लिहायला लावलं. आता नाही भरणार, आणि तुमच्या उपकाराने तर मुळीच नाही. सहा महिन्यांनी बघू."

उपकार? वहिनी, मागच्या पत्रात मी लिहिलं, 'पानात थोडा बिघाड झाला होता'. झाला नव्हता. मी केला होता. नीट सांगतो. काका, न गाळता वाचा.

अर्जाच्या डोक्यावर एक पट्टी असते. तिच्यात पाच बाण, एकापुढे एक. प्रत्येक बाणाचं शेपूट खाच पाडून कापलेलं, आणि मागच्या बाणाचं टोक त्या खाचेत बसवलेलं. नाव-पत्ता, आजार, कागदपत्रं, सोयीची वेळ, आणि शेवटी खात्री. झालेला बाण हिरवा, चालू असलेला निळा, राहिलेला फिका. भरणाऱ्याला कळावं की आपण कुठवर आलो आणि किती उरलं. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर ती इतकी देखणी दिसायची की साहेबांनी गाद्यावाल्याला मुद्दाम वर बोलावून दाखवली. तो म्हणाला, छान, पण हे कशाला लागतं?

अडचण आली मोबाईलवर. रुंदी कमी आणि बाण तेवढेच. चार कसेबसे बसायचे आणि पाचवा घसरून खालच्या ओळीत एकटाच पडायचा. हॉस्पिटलला दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायचं होतं. खरं तर लहान रुंदीसाठी पट्टी वेगळी बेतायला हवी होती. दोन दिवसांचं काम होतं. मी एक ओळ लिहिली. पट्टीत जे मावत नाही ते दाखवू नकोस, असं पानाला सांगणारी ओळ. पाचवा बाण गेला. उरलेले चार असे झकास बसले की मी स्वतःवरच खूश झालो.

पाचवा आहे हे मला माहीत होतं ना, म्हणून तो मला दिसतच होता. लोकांना कसा दिसणार? चार बाण हिरवे झाले, खाली आपण भरलेली सगळी माहिती एकत्र आली, त्यांना वाटलं ही पावती. बटण पार तळाशी होतं. मोबाईल बंद केला आणि निश्चिंतपणे हॉस्पिटलच्या फोनची वाट बघत बसले. तीनशे बारा जण. त्यात तू.

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "तुझ्या घरचं कोणी यात असतं तर?" तेव्हा तुझं पाकीट अजून चिकटवायचं होतं.

तेव्हा उपकार वगैरे काही नाही. चूक माझी आणि डोळे तुझे पणाला लागलेत. माझ्यावरचा राग हवा तितका ठेव, त्याला मुदत नाही. यादीला आहे. पुन्हा एकदा भर. आडनाव तीनदा मागणारा तो रकाना मी कालच काढून टाकला.

अजून एक गोष्ट आहे. ती सहीपेक्षा वेगळी आहे आणि ती तुला ठाऊक नाही. काका, राग मानू नका, पण ती तुमच्या तोंडून तिच्या कानावर जावी असं मला वाटत नाही. ती ज्या दिवशी स्वतः वाचू शकेल त्या दिवशी लिहीन. म्हणजे बघ वहिनी, बटण दाबण्यात माझाही स्वार्थ आहे.

तुझा दीर
(हे काढून टाकायचं असेल तर काकांना खोडायला सांग)


२१ मार्च

वहिनी,

खोडलं नाहीस. काकांनी तळटीप टाकली आहे, "'दीर' वाचल्यावर बाई हसल्या. थोड्याच." काका, तुमचे उपकार.

आणि तू प्रयत्न केलास, याबद्दल तुझे. काकांचा मोबाईल, काकांची बोटं आणि तुझा हुकूम, शिवाय स्क्रीन डोळ्याला लावून स्वतःच बघायचा तुझा हट्ट. तिसऱ्या पायरीवर दोघं अडलात ते बरं झालं. हो, बरंच म्हणतो. तू काय लिहून पाठवलंस ते मी ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलं आहे: "सगळी एकच राख दिसते. त्यातलं हिरवं कुठलं आणि निळं कुठलं हे तुम्हीच जाणे. कुठल्या तुकड्याला कुठला तुकडा लागतो हे मी कधी रंगावर सोडत नाही. खडूची खूण करते, काठाला चीर देते. दिवे गेले तरी बोटाला कळलं पाहिजे."

आम्ही सगळे धड डोळ्यांची माणसं. डोळ्यांच्या हॉस्पिटलसाठी पट्टी केली आणि झालेलं, चालू, राहिलेलं हा सगळा फरक रंगावर ठेवला. आता हसू येतं. साहेबांना आलं नाही.

मग मी तुझ्याच पद्धतीने बसलो. कापडाआधी वर्तमानपत्रावर, हा तुझा नियम. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कातरीने पाच बाण कापले. खाचा एकसारख्या येईनात, तेव्हा तू शिकवलंस तसं पाचही कागद एकावर एक ठेवून एकदमच कापले. काकांच्या मोबाईलची रुंदी तू मोजून कळवली होतीस (शिवणाच्या टेपने, बरोबर ना?), तेवढी फट असलेली पुठ्ठ्याची चौकट केली. ती बाणांवर ठेवून बघत होतो. साहेब येऊन उभे राहिले. "हे काय बालवाडीचं चाललंय?" मी म्हटलं, "बेततोय." त्यांनी खुर्ची ओढली आणि एक बाण स्वतः सरकवून बघितला. मग दोघंही तासभर सरकवत बसलो.

आडवे पाच बाण त्या फटीत दाटीवाटीने बसतात, पण आत अक्षरं मावत नाहीत. 'कागदपत्रं' हा शब्दच केवढा. अक्षर बारीक केलं तर तुला दिसणार नाही. नुसते आकडे ठेवले तर कशाचा आकडा ते कळत नाही. शेवटी मी बाण उभे केले. टोक खाली, खाच वर, एकाखाली एक, पाचही. लांबीला मोबाईल कुठे कमी असतो? स्क्रीन रुंद असेल तेव्हा पट्टी आपोआप आडवी होते आणि अरुंद झाली की उभी. आता कुठलाही बाण कुठेही लपत नाही.

उभी केल्यावर नवंच खुसपट निघालं. दोन बाणांच्या जोडात केसाएवढी पांढरी रेघ दिसायला लागली, काही मोबाईलवर दिसायची, काहींवर नाही. मापं पूर्ण आकड्यात भागली जात नाहीत, त्यातून ती फट पडते. दिवसभर डोकं खाजवलं. मग आठवलं, काठाला काठ भिडवून शिवलं की उसवतं, जोडाला जास्तीच्या कापडाची माया सोडावी लागते. हे तू मला माझी शाळेची पिशवी दुसऱ्यांदा फाटल्यावर दाखवलं होतंस. प्रत्येक बाण मागच्याच्या अंगावर केसभर चढवला. रेघ गेली.

आणि तुझी खडूची खूण. झालेल्या बाणात आता ठसठशीत बरोबरची खूण असते. चालू बाण पूर्ण काळा, पांढऱ्या जाड अक्षरांचा. राहिलेले नुसत्या रेघेने आखलेले, आत रिकामे. रंग कोणाला दिसो न दिसो, आकार कळतो. सगळ्यांत वर शब्दांत लिहिलंय, 'पाचपैकी चौथी पायरी'. आणि शेवटच्या पानावर, जिथे तू आणि तीनशे अकरा जण फसलात, तिथे मोठ्या अक्षरात: 'अर्ज अजून पाठवलेला नाही.' त्याच्या लगेच खाली बटण. तळाशी आणखी एक.

नोंदणीबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे आधीच असं का नाही केलंत?" मी म्हटलं, "आधी माझी वहिनी ऑफिसात नव्हती."

वहिनी, मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या मशीनच्या पायाशी बसून मी गृहपाठ करायचो तेव्हा अर्धं लक्ष तुझ्या हातांकडे असायचं. सपाट कापडाचा बाह्या-गळ्यासकट सदरा होतो, हे मी रोज बघितलं आणि मला वाटायचं, असं काहीतरी आपल्यालाही करता यावं. कॉम्प्युटरच्या कोर्सला जायचं म्हटलं तेव्हा दादाने विचारलं होतं, त्यात काय असतं. उत्तर तू दिलंस: "बेतणंच असेल काहीतरी, जाऊ दे त्याला." तुला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. आणि बरोबर तेच असतं.

दहा दिवस उरलेत. काकांच्या मोबाईलवर पान पुन्हा उघडा. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मी येऊ का, तेही कळव.

तुझा दीर


३० मार्च

वहिनी,

आज सकाळी अकराला नोंदणीबाईंचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "नववं पाकीट पोचलं. पाचही झाल्या." आणि ठेवून दिला. बाकी काही विचारायचा मला अधिकार नाही आणि सांगायचा त्यांना नाही, तरी त्यांनी फोन केला. उद्या त्यांच्या खिडकीवर जाऊन हात जोडणार आहे, रांग असली तरी.

मी ऑफिसात बातमी सांगितली. साहेबांनी खाली जाऊन गाद्यावाल्याला सांगितली. त्याने विचारलं, म्हणजे त्या बाणांचं? तो हल्ली फार चौकशी करतो.

तीनशे बारांपैकी दोनशे नव्वद परत आले. बाकीच्यांपैकी काहींनी दुसरीकडे सोय केली. सहा जणांचा अजून पत्ता नाही, त्यांच्या घरी आम्ही वाटून जाणार आहोत. दोन घरं माझ्याकडे आहेत.

तुझ्या उत्तरातलं तेही पोचलं. शस्त्रक्रियेच्या वेळी मी येऊ का, या प्रश्नाला तू 'नको' असं सांगितलंस आणि काकांनी त्या शब्दाभोवती उगाच काही पेरलं नाही. बरोबर आहे. येणार नाही. बटण दाबलंस, मला आत्ता तेवढं खूप आहे. आभारी आहे, वहिनी. काका, तुमच्या बोटांचाही.

दीर


२६ जून

वहिनी,

झालं! काकांचं पत्र आज मिळालं. हे त्यांनी तू झोपलेली असताना स्वतःच्या मनाने लिहिलं, तेव्हा त्यांना बोल लावू नकोस. शस्त्रक्रिया नीट झाली, डोळ्यावर कवच आहे, वाकायला आणि वजन उचलायला बंदी आहे आणि तू दोन्ही करतेस, अशी तक्रार आहे.

डोळ्यात सोळा टाके घातलेत म्हणे. आणि पहिल्या तपासणीत तू डॉक्टरांना विचारलंस की दोरा कुठल्या नंबरचा. काका लिहितात, डॉक्टर हसले आणि त्यांनी खरंच सांगितला, आणि तू म्हणालीस, "बरा आहे. अंतर सारखं ठेवा म्हणजे झालं." हे वाचून मी इतका हसलो की साहेबांनी पत्र मागून घेतलं.

ज्यांचं बुबुळ मिळालं त्यांचं नाव सांगत नाहीत, त्याचा तुला त्रास होतोय हेही काकांनी लिहिलंय. आभार मानायला माणूसच नाही, असं तू म्हणालीस. मला हे चांगलं कळतं. माझ्याकडे उलटं आहे. माणूस आहे, नाव आहे, आता पत्ताही आहे, आणि बारा वर्षं मी गप्प बसलो. म्हणून मी जमेल तिथे सुरू केलंय. काल ऑफिसात आलेल्या नव्या मुलीला काठावर काठ चढवायची युक्ती दाखवली आणि सांगितलं, ही माझ्या वहिनीची. तिने वहीत तसंच लिहून घेतलं.

औषधाचे थेंब वेळेवर घाल. काका, घड्याळं तुमच्याकडे ढीगभर आहेत, एखादं तिच्या उशाशी ठेवा.

दीर


१४ सप्टेंबर

वहिनी,

काकांनी कळवलं की नवा चष्मा आला आणि परवा तू औषधाच्या बाटलीवरचं वाचलंस, स्वतः, मोठ्याने, आणि मग पुन्हा एकदा. मी खुर्चीतून उठून उगाच खोलीभर फिरलो. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच गोष्टीचा झालेला नाही, आणि त्यातला एक भाग माझ्या चुकीतून वाचल्याचा आहे, हे मी लपवत नाही.

हे पत्र तुझ्यासाठी आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. काका, तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल तर आता तिच्या हातात द्या.

सहीचं तुला ठाऊक आहे. वकिलाच्या टेबलावर घटस्फोटाचा कागद होता. ती आपल्या मर्जीने घर सोडून गेली आणि त्यानंतर कधी परत आली नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली घरातला साक्षीदार म्हणून माझी सही. मी एकोणीस वर्षांचा होतो. दादाने पेन हातात दिलं आणि मी केली. तू कागद वाचलास तेव्हा तुला वाटलं असेल, पोराला काही माहीत नव्हतं, दादाने सांगितलं तसं केलं.

मला माहीत होतं.

तुझी आई आजारी म्हणून तू चार दिवस गेली होतीस. तिसऱ्या दिवशी दादाने कुलूप बदललं आणि मला बजावलं, आली तर उघडायचं नाही. पाचव्या दिवशी दुपारी तीनला तू आलीस. आधी किल्ली फिरवल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग तू दार ठोठावलंस. एकदाच, तीन टकटका. मी दाराच्या आतल्या बाजूला उभा होतो, कडीवर हात ठेवून. तुझा श्वास ऐकू येत होता, जिने चढून आल्यावर लागतो तसा. मी कडी काढली नाही. तू पिशवी उचललीस, आणि एक मजला उतरेपर्यंत मी तुझी पावलं मोजली.

तुला वाटलं घरात कोणी नाही, म्हणून तू दुसऱ्यांदा ठोठावलं नाहीस. इतकी वर्षं मी हेच धरून बसलोय. तू अजून एकदा ठोठावलं असतंस तर मी उघडलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. म्हणजे दोषातला थोडा भाग तुझ्याच गळ्यात घालत आलो. हे लिहिताना सुद्धा लाज वाटते.

ज्या बाईने मला जेवू घातलं, सदरे शिवले, विषमज्वरात सतरा दिवस उशाशी बसून काढले, तिला मी तिच्याच घराच्या दाराबाहेरून परत पाठवलं. मग त्यावर सही केली. माझं आजचं सगळं तुझ्यामुळे आहे, हे मी पत्रांतून लिहीत आलो आणि ते शंभर टक्के खरं आहे, पण हे न लिहिता ते लिहीत राहणं म्हणजे पुन्हा तेच, जे मावत नाही ते झाकायचं.

उत्तर नाही दिलंस तरी मी समजेन. थेंब मात्र चुकवू नकोस.

दीर


९ ऑक्टोबर

भावजी,

तुमचं पत्र मी स्वतः वाचलं. दोन दिवस लागले. काकांना दिलं नाही, ते अजून फुगून बसलेत. अक्षर कसं येतंय बघा. ओळ वर चढतेय, तिला मी काही करू शकत नाही.

तुम्ही घरात होता हे मला माहीत होतं. दाराखाली बोटभर फट होती, आठवते का? तिच्यातून तुमची पावलं दिसत होती. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, ती मीच जाताना बांधून गेले होते. ती मळली होती. चार दिवसांत बदलली नाही, असं मनात आलं.

दुसऱ्यांदा ठोठावलं असतं तर तुम्ही उघडलं असतं. तुम्हाला आज शंका असेल, मला तेव्हा नव्हती. तुम्ही उघडलं असतं आणि तुमच्या दादांनी त्याच दिवशी तुम्हालाही बाहेर काढलं असतं. माझ्याजवळ एक पिशवी होती आणि आई अंथरुणावर. तुम्हाला कुठे नेलं असतं? परीक्षा आठ दिवसांवर होती. म्हणून एकदाच ठोठावलं. तेवढंही ठोठावायला नको होतं, पण राहवलं नाही.

सही पाहिली तेव्हा मात्र राग आला. खोटं कशाला बोलू? चांगला दोन-तीन वर्षं पुरला. पुढे कामात कधी विरला ते कळलं नाही. हॉस्पिटलच्या पाकिटातून तुमची चिठ्ठी निघाली तेव्हा शोधला, थोडासाच सापडला. तो काकांनी शिव्या म्हणून गाळला.

तुमची ती बाणांची पट्टी मी काल माझ्या डोळ्यांनी बघितली. तिसऱ्या बाणातलं अक्षर डावीकडे सरकलंय. मधोमध आणा.

आता आभार पुरे झाले. सोमवारी चार टाके काढायचेत. सोबत घरचं माणूस आणा असं हॉस्पिटलवाले म्हणतात आणि काका दुकान सोडून दरवेळी येतात ते बरं दिसत नाही. साडेसातला या. आमच्याकडची घंटा बिघडली आहे, दार ठोठावा.

वहिनी